मदत हवी: खणांच्या रॅकमध्ये विणलेल्या बुट्ट्या बसत नाहीत (तातडीचं)

शुक्रवारपेठकरीण
ऑनलाइन मागवलेलं खणाखणांचं रॅक आहे, खोक्यातून सुटं येतं आणि आपणच जोडायचं असतं तसलं. त्यात ठेवायला बुरुड गल्लीतून बांबूच्या बुट्ट्या करून आणल्या. आता त्या खणात जात नाहीत, रेटून घातल्या तर निघत नाहीत, आणि फळीच्या कडेची पट्टी खरवडून पांढरी झालीय. परवा सासूबाई येणार, तोवर सगळा पसारा बुट्ट्यांत घालून मोकळं व्हायचंय. बुट्ट्यांचे काठ कापू की रॅक बदलू? प्लास्टिकचे डबे कृपया सुचवू नका.

पुणेरी_परत
प्लास्टिक नको म्हणता तर कापडी घडीचे डबे घ्या. मी पुण्याहून परत आल्यापासून तेच वापरतो. कोल्हापूरच्या पावसात बांबूला बुरशी धरतेच. एकच टोपली ठेवलीय, तिच्यात राउटर आणि एक्स्टेंशन बोर्ड लपवतो. छान दिसतं.

सुतारमेट
ताई, मापं द्या. खण आतून किती, बुट्टी काठाला किती आणि बुडाला किती. रॅक किती उंच? भिंतीला बांधलंय का? घरात लहान मूल आहे का?
@पुणेरी_परत, ते एक्स्टेंशन आजच बाहेर काढा. ते तापतं, त्याला हवा लागते, आणि भोवती वाळका बांबू. अवघड आहे.

पुणेरी_परत
काही होत नाही हो. ब्रँडेड आहे.

शुक्रवारपेठकरीण
खण 33 बाय 33 सेंमी. बुट्ट्या 13 इंची सांगितल्या होत्या, म्हणजे 33च झाले की. रॅक दोन खण रुंद, चार खण उंच. मुलगी अडीच वर्षांची आहे, पण तिचा इथं काय संबंध? आणि भिंतीला कशाला बांधायचं? कपाट आहे ते, म्हैस नाही.

बुरुडआळीचा
वहिनी, नुसतं 13 इंच सांगितलं की कारागीर बुडाचं माप धरतो. बुट्टीचा घाट वर पसरट असतो, त्यात काठाला जाड वळ घालतात, तो दोन्हीकडून बाहेर येतो. तुमची वरून 14 तरी भरत असेल. बाहेरून 13 पक्की असती तरी अडकलीच असती, कारण विणलेली वस्तू तंतोतंत चौरस नसते.
सांगायचं असं: “काठाच्या बाहेरून 31 सेंमी, सरळ उभ्या बाजू.” त्याहून सोपं म्हणजे 31 बाय 31 चा पुठ्ठ्याचा खोका घेऊन जायचा आणि म्हणायचं, ह्याच्या बाहेर काही येता कामा नये. उंची 26-27 पुरे, म्हणजे बुट्टी न काढता वरून हात जातो.
काठ अजिबात कापू नका. वळ गेला की उभ्या कामट्या सुटतात आणि विणकाम उसवत खाली जातं. शिवाय कापलेल्या टोकाची कूस पोरीच्या बोटात जाईल ते वेगळंच.

निवृत्तबाबा
मोठ्या दुकानांतून तपकिरी, जाड वेणीसारख्या विणीच्या ज्या टोपल्या मिळतात, त्यातल्या कितीतरी जलपर्णीच्या देठांच्या असतात. हीच जलपर्णी आपण रंकाळ्यातून आणि पंचगंगेतून यंत्रं लावून काढतो आणि काठावर कुजत टाकतो. बचत गटांना शिकवलं तर काय हरकत आहे? पण इच्छाशक्ती पाहिजे.

गंगावेश_कट्टा
बाबा, धागा टोपलीचा हाय.

निवृत्तबाबा
मी टोपलीबद्दलच बोलतोय.

सुतारमेट
ताई, मुलीचं का विचारलं ते सांगतो. अडकलेली बुट्टी ओढताना रॅक पुढं येतं का?

शुक्रवारपेठकरीण
थोडं डुलतं. पण ते जमिनीमुळं. आम्ही माडीवर राहतो, खाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन आहे, चाललं तरी हलतं. जुनं घर आहे.

सुतारमेट
ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही आत्ता सांगताय! बुट्टी सुटसुटीत निघाली तर तुमच्या हातात बुट्टी येते. अडकली तर तोच जोर अख्ख्या रॅकला बसतो. ह्या धर्तीचं चार खणी रॅक साधारण 147 सेंमी उंच आणि जेमतेम 39 सेंमी खोल असतं. जमिनीच्या फळ्या दबून ते आधीच पुढं कललं असेल, तर पोरगी खालच्या बुट्टीत पाय देऊन वरची धरून लोंबकळली की संपलं. अमेरिकेत 2016 साली अशाच कारणानं, मुलांच्या अंगावर पडतात म्हणून, एका कंपनीची 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली गेली होती.

पुणेरी_परत
ती ड्रॉवरची कपाटं होती. इथं ड्रॉवर कुठाय? उगाच घाबरवू नका लोकांना.

सुतारमेट
भरलेली बुट्टी अर्धी बाहेर ओढली की तिचा ड्रॉवरच होतो की. शिवाय तिला मागं अडवायला काही नाही, सबंध निघून पायावर पडते. ताई, बुट्ट्यांत काय भरणार आहात?

शुक्रवारपेठकरीण
खाली खेळणी, मधे कपडे. सगळ्यात वर पितळेची भांडी, पराती वगैरे, रोज लागत नाहीत म्हणून.

गंगावेश_कट्टा
पितळ वर?? आई गं.

बुरुडआळीचा
पितळ खालच्या खणात, बुट्टीशिवाय. बुट्टीचे कान एवढ्या वजनासाठी नसतात, एक दिवस कान हातात आणि परात पायावर. खेळणी खालून दुसऱ्या खणात ठेवा, पोरीला चढावं लागणार नाही. वर हलकं, तेही पोरीला हवंसं वाटणार नाही असं. चादरी, जुन्या फायली.

मिरजमावशी
जड खाली ठेवू नका हो! शुक्रवार पेठ म्हणजे पुराचा भाग. 2019 ला आमच्या नणंदेचं खालचं सगळं गेलं. ह्या भुशाच्या फळ्या पाणी लागलं की फुगतात, परत बसत नाहीत.

शुक्रवारपेठकरीण
मावशी, माडीवर राहतो म्हटलं ना.

मिरजमावशी
2019 ला कित्येकांच्या माडीला पण लागलं होतं.

गंगावेश_कट्टा
ताई, सोप्पं हाय. ड्रिल, 8 चं फिशर (भोकात स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी), वरून एल पट्टी. विषय एंड. अर्ध्या तासाचं काम.

सुतारमेट
आधी भिंत कसली ते विचार की भावा.

शुक्रवारपेठकरीण
पांढऱ्या मातीची. मधेमधे लाकडी खांब आहेत. घर भाड्याचं आहे, हे सांगायचं राहिलं.

सुतारमेट
झालं. पांढऱ्या मातीत फिशर धरत नाही, पट्टी ओढली की मूठभर मातीसकट बाहेर येते. खांब आहेत तर मातीच्या नादाला लागूच नका. रॅकच्या वरच्या कडेच्या उंचीवर ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत सागवानी पट्टी आडवी मारा, लाकडाच्या लांब स्क्रूंनी. रॅकची एल पट्टी त्या लाकडाला बसवायची. रॅकच्या बाजूनं स्क्रू मारताना मात्र बघून. ह्यातल्या बऱ्याच रॅकच्या जाड फळ्या आतून पोकळ असतात, पुठ्ठ्याची जाळी भरलेली. कंपनीनं दिलेलं भोक असेल तिथंच स्क्रू धरतो. पुढच्या पायाखाली पाचर घाला म्हणजे कल मागं जाईल.
आणि माहितीपत्रकात दर खणाचं वजन दिलेलं असतं ते बघा. नावाजलेल्या स्वीडिश रॅकला 13 किलो आहे. तुमच्यावर काही लिहिलंच नसेल तर त्याहून कमीच धरा. पितळ त्या हिशोबानं तोलून ठेवा.

पुणेरी_परत
एवढं करण्यापेक्षा रॅक आडवं टाका. चार खण रुंद, दोन खण उंच. पडायचा प्रश्नच मिटला.

सुतारमेट
हे पटलं. पडायची भीती पुष्कळ कमी होते, तरी पट्टी मारायचीच, आडवं असलं की पोरं वर चढून बसतात. आणि माहितीपत्रकात आडवं चालतं असं चित्र आहे का ते आधी बघा. आडवं केलं की फळ्यांवरचा भार बदलतो, सगळ्यांना झेपत नाही.

शुक्रवारपेठकरीण
चित्र आहे, दोन्ही तऱ्हेनं चालतं. खिडकीखाली बसेल. घरमालकांना फोन केला, खांबाला स्क्रू चालतील म्हणाले, “तुळईला हात लावू नका” एवढंच. पितळ आत्ताच खाली उतरवलं. आता ह्या 14 इंची बुट्ट्यांचं काय करू? आठ आहेत. आणि नव्या आणल्या तर पावसात बुरशीचं खरंच आहे का?

बुरुडआळीचा
चार मला विचाराल तर कांदे-लसणाला, बाकीच्या मुलीच्या खेळण्यांना जमिनीवरच. नव्या घेताना बुडाला नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) तुकडे चिकटवा, फळी खरवडणार नाही. बुरशी दमट कपडे आत कोंबले की येते. पावसाळ्यात कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, रॅक भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवा, ऊन पडलं की बुट्ट्या उन्हात घाला. आणि घेताना उलटी करून आपटा. पिवळसर पीठ गळलं तर किडा आहे, घेऊ नका.

सुतारमेट
रॅक भिंतीपासून सुटं, पण एल पट्टी घट्ट. पट्टीच्या लाकडाची जाडी तेवढीच ठेवली की दोन्ही जमतं.

निवृत्तबाबा
नमदा कुठं मिळतो हल्ली?

गंगावेश_कट्टा
लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात विचारा. खुर्चीच्या पायाला लावायच्या चिकटपट्ट्या मागा.

मिरजमावशी
रॅक कितीला पडलं?