अनुभव हवेत : जोडीदाराला परराज्यात जायला कसं तयार केलंत?

मी सरकारी बँकेत अधिकारी आहे. यंदा बढती झाली आणि पोस्टिंग आलं एर्नाकुलमला. नवऱ्याचे डोंबिवलीत दहावीचे क्लासेस आहेत, स्टेट बोर्डाचे, मराठी आणि सेमी-इंग्रजीचे. स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले. केरळात जाऊन मी काय करू, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. बढती नाकारता येते, पण मला ती नाकारायची नाही. वेगळं राहायची तयारी दोघांचीही नाही. मुलगी दुसरीत आहे.

"थोडं ॲडजस्ट कर", "सगळेच जातात" हे सगळं बोलून झालं. त्यानं माणूस आणखी गप्प होतो. म्हणून ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी लिहा. जोडीदार नेमका कशावर अडला होता आणि ते कसं सुटलं? सुटलं नसेल तरी लिहा.

सोलापूर – भोपाळ

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो. बायको केंद्र सरकारच्या खात्यात, तिची बदली भोपाळला झाली. माझी सोलापुरात भावाबरोबर भागीदारीत छपाईची प्रेस. दोघं सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एका ठिकाणी नेमणूक द्यावी असं केंद्राचं धोरण आहे, पण एकाचा धंदा असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

मी पैशावर अडलो नव्हतो. 'बायकोच्या मागं गेला' हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. चुलते तर तोंडावर बोलले. बायकोनं यावर वाद घातला नाही. तिनं प्रेसचं वर्ष कागदावर मांडलं. लग्नपत्रिकांचं काम तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू होतं ते आषाढ लागेपर्यंत. चातुर्मासात गणपतीची पावतीपुस्तकं सोडली तर मशीनला फारसं काम नसतं, आणि तेवढं भाऊ एकटा काढतो. ती म्हणाली, "तेवढे चार महिने माझ्याकडे ये, कार्तिकात परत जा. प्रेस सोड असं मी म्हणतच नाहीये."

चार महिन्यांत माणूस पाहुणा राहत नाही. गिरणीवाला ओळखायला लागतो, कुठल्या दुकानात चांगली ज्वारी मिळते ते कळतं. पुढच्या पावसाळ्यात मी डिझाइनचं काम भोपाळमधूनच करून पाहिलं. फाइल मी पाठवायची, प्लेट आणि छपाई भावाकडे. नफ्याची वाटणी आम्ही नव्यानं ठरवली आणि ती लेखी केली, ही गोष्ट फार महत्त्वाची. नाहीतर भावाभावांत वाईटपणा आला असता. चुलते अजून बोलतात. मी आता ऐकून घेतो.

क्लासेसचं वर्षही असंच मांडून बघा. मार्चअखेर बोर्ड संपतं. सुट्टीतली बॅच एक वर्ष ऑनलाइन घेता येईल का, एवढंच आधी विचारा.

ठाणे – बडोदा

मी 'नाही' म्हणणाऱ्यांतली. नवऱ्याला बडोद्यात चांगली नोकरी लागली होती. तो मला तिथले रुंद रस्ते, मोठं घर, शाळा असं एकेक सांगायचा आणि मी प्रत्येकात खोट काढायची. कारण माझं खरं कारण त्यात कुठेच नव्हतं. माझी आई तेव्हा एकटी राहायची, माझ्या घरापासून दोन स्टेशनं पलीकडे. हे मी बोलून दाखवत नव्हते, कारण "मग सासूबाईंना आणायचं का इकडे?" हा प्रश्न कुणी तरी विचारेल आणि त्यावरून घरात फाटे फुटतील, ही धास्ती.

एके रात्री त्यानंच विचारलं, "आईंचं काय करायचं ते आधी ठरवू या का?"

त्या प्रश्नानंतर माझा विरोध निम्मा झाला. मी तीन गोष्टी मागितल्या. ठाण्याचं घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. बडोद्यात घर तळमजल्यावर घ्यायचं, कारण आईला जिना चढवत नाही. आणि हे त्यानं स्वतः त्याच्या आईवडिलांना सांगायचं, मी नाही. तिन्ही त्यानं पाळल्या. आई थंडीपुरती म्हणून आली आणि राहिलीच. गायकवाडांच्या काळापासून तिथं मराठी घरं आहेत. दांडिया बाजारात तिला भाजी घेता घेता बोलायला माणसं मिळाली. २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा ती तिन्ही दिवस मांडवात होती.

एक सांगते, मुलं लहान असतील तर लवकर निर्णय घ्या. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं आहे, आणि केरळातही मल्याळम शिकवण्याचा कायदा २०१७ पासून आहे. दुसरीतलं मूल नवी लिपी सहज उचलतं. सातवीतल्याला रडू येतं. आमच्या शेजारच्या मुलाचं मी पाहिलं आहे.

खानापूर तालुका, सांगली – कोइमतूर

आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. माझे वडील कोइमतूरला गेले, त्यांच्यामागं मी. लग्नानंतर बायको गावीच होती, शेत आणि म्हशी तिच्याकडं. मुलगा झाल्यावर मी म्हणालो, आता चल. ती एकदा येऊन बघून गेली आणि नको म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, भाषेला घाबरली. भाषेचं तिला काहीच वाटत नव्हतं. दुकान पुढं आणि राहायची खोली मागं, मधे नुसता पडदा. भट्टीशेजारी मुशी, म्हणजे धातू वितळवायची भांडी, मोरीपाशी तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या बरण्या. तेजाबात माल पडला की तांबूस धूर निघतो आणि खिडकीचा पंखा बंद असला की तो मागच्या खोलीत शिरतो. घसा खवखवतो, डोळ्यांतून पाणी येतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. ती म्हणाली, "माझं लेकरू मी इथं झोपवणार नाही." दुसरं काहीही नाही, एवढंच. पण माझ्या आईला ते पटेना. तिनं आम्हा भावंडांना त्याच खोलीत वाढवलं होतं, त्यामुळं सुनेचं बोलणं तिला स्वतःवरचा ठपका वाटला.

मला बायकोचं म्हणणं बरोबर वाटलं. दोन गल्ल्या सोडून वेगळी खोली घेतली. भाडं जड होतं, त्यासाठी गावाकडच्या घराचा स्लॅब वर्षभर लांबवला. वडील बरेच दिवस नीट बोलत नव्हते. खोलीचा करार झाल्यावर मी तिला बोलवायला गेलो, नुसत्या शब्दावर नाही. मग ती आली. खालच्या मजल्यावर विट्याकडच्या एक वहिनी राहायच्या. त्यांनी तिला बाजारात नेऊन ओण्णु, रेंडु, मूणु शिकवलं. थोड्याच दिवसांत ती माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करायला लागली.

मुलगा आता सहावीत आहे, तमिळ फाडफाड बोलतो. इथं शाळेत दहावीपर्यंत तमिळ असतंच. जत्रेला गावी गेल्यावर एसटीची पाटी वाचताना अडखळतो, त्याचं आम्हा दोघांना फार वाईट वाटतं. ती त्याला रोज रात्री मराठीचं एक पान लिहायला बसवते.

पुणे – बंगळुरू

थोडक्यात लिहितो. बायको स्टाफ नर्स. तिची भीती एकच होती, तिकडे गेल्यावर आपण घरी बसणार. भीती खरी होती, कारण नर्सिंगची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते आणि दुसऱ्या राज्यात काम करायचं तर इकडचं ना-हरकत पत्र घेऊन तिकडे नोंदणी करावी लागते. आम्ही ठरवलं की तिची नोंदणी होईपर्यंत मी एकट्यानं पीजीत राहायचं. कागद हातात आल्यावरच सामान बांधलं. वकील, डॉक्टर, शिक्षक अशा कुणाचाही जोडीदार असाल तर आधी हे बघा, घर नंतर शोधा.

गाडी नेऊ नका असाही माझा सल्ला. बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आरटीओची एनओसी, नवीन नंबर, तिकडचा रोड टॅक्स, आणि इकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळे हेलपाटे. बीएच नंबर, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा भारत सिरीजचा नंबर असेल तर गोष्ट वेगळी.

लातूर – हैदराबाद

मी बायकोला पटवायला गेलो आणि तिनं मला पटवलं. मुलगी नववीत, डॉक्टर व्हायचं म्हणत होती. बायकोनं सगळी माहिती काढून ठेवली होती. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. आमच्यासारख्या खासगी नोकरीवाल्यांना त्यात सूट नाही. त्या वर्षी मुलीला हलवलं असतं तर महाराष्ट्राचा राज्य कोटा हातचा गेला असता आणि इथल्या सरकारी जागांसाठी १५ टक्क्यांचा ऑल इंडिया कोटाच राहिला असता.

मग मी एकटा गेलो. शनिवारी रात्रीच्या बसनं यायचो. बायकोनं तेवढ्यात एक गोष्ट केली, तिनं मुलीची बारावी झाल्यावर कधी यायचं तो महिना आधीच ठरवून टाकला. त्या महिन्यात ती आलीही. वाट बघायला तारीख असली की दोघांनाही निभावतं.

कोल्हापूर – अहमदाबाद

आमचं जमलं नाही, म्हणून लिहितो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आंतरजिल्हा बदली होते, राज्याबाहेर नाही. नोकरी सोड असं मी दोन वर्षं या ना त्या शब्दांत म्हणत होतो. तिचं उत्तर कायम तेच : "ही नोकरी मी परीक्षा देऊन, मेरिटवर मिळवली आहे." खेड्यातल्या मुलीनं डीएड करून, सीईटीची यादी लागेपर्यंत थांबून मिळवलेली नोकरी सोडणं म्हणजे काय, हे तिच्या शाळेत एकदा गेलो तेव्हा मला दिसलं. चौथीतली पोरं तिच्याभोवती वह्या घेऊन उभी होती आणि ती एकेकाचा भागाकार तपासत होती. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आता उलट मीच पुणे-सांगली पट्ट्यात नोकरी शोधतो आहे. पगार कमी मिळेल हे दोघांनी मिळून हिशोबात धरलं आहे.