मदत हवी आहे: एच-४ ईएडी (काम करायच्या परवान्याचं कार्ड) नूतनीकरण, ऑगस्टमध्ये कार्ड संपतंय आणि आता आपोआप मुदतवाढ नाही

कृष्णाकाठ | ११ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी आणि मुलगी कुटुंबीयांसाठीच्या एच-४ वर. त्याचं आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन बरीच वर्षं झाली, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१८ ची. जानेवारी २०२६ च्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ ची (आमच्या ग्रीन कार्ड वर्गाची) तारीख अजून २०१३ मध्येच अडकली आहे, तेव्हा ग्रीन कार्डाचा विचार मी करतच नाही. माझा प्रश्न येत्या ऑगस्टचा आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय. लग्नाआधी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं काम केलं. इथे आल्यावर नवऱ्याचं आय-१४० होईपर्यंत कामाची परवानगी नव्हती, घरी बसले. ती वर्षं कशी गेली ते इथल्या बऱ्याच जणींना सांगायला नको. मुलगी लहान होती म्हणून दिवस निघून जायचे, पण रात्री जुन्या वह्या काढून वाचायचे, हात विसरू नयेत म्हणून. मग ईएडी आलं, पदवीचं मूल्यमापन करून घेतलं, एएससीपीची, म्हणजे लॅबमध्ये काम करणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची, परीक्षा दिली आणि एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजी लॅबला लागले. ब्लड कल्चरच्या बाकावर असते, बहुतेक रात्रपाळीला. बाटली पॉझिटिव्ह झाली की ग्रॅम स्टेन करून पंधरा-वीस मिनिटांत वॉर्डात फोन करायचा. त्या फोनवर पेशंटचं अँटिबायोटिक बदलतं. हे काम मला मनापासून आवडतं.

आता अडचण. नवऱ्याचं एच-१बी, माझं एच-४ आणि माझं ईएडी, तिन्ही १४ ऑगस्ट २०२६ ला संपतात. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी सगळे अर्ज एकत्र गेले आणि एच-१ च्या प्रीमियमबरोबर (जादा फी भरून लवकर निकाल) माझं कार्डही तीन आठवड्यांत आलं, त्यामुळे काही जाणवलंच नाही. यावेळी मॅनेजरने सहज विचारलं, "तुझं कार्ड ऑगस्टमध्ये संपतंय ना?" म्हणून वाचायला बसले तर पोटात गोळा आला. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळतच नाही म्हणे. म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत नवं कार्ड हातात नसेल तर १५ तारखेला मी लॅबमध्ये पाऊल ठेवू शकत नाही.

विचारायचं ते असं. एच-१ चा अर्ज सहा महिन्यांच्या आधी करता येत नाही, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याआधी काही हलणार नाही. नवऱ्याच्या कंपनीचे वकील म्हणतात, "मेमध्ये बघू." इतकं थांबणं बरोबर आहे का? कार्ड वेळेत आलं नाही तर बिनपगारी रजा घेता येते की राजीनामाच द्यावा लागतो? मध्येच भारतात जाऊन पासपोर्टवर एच-४ व्हिसाचा शिक्का मारून आले तर काही वेळ वाचेल का? आणि एच-४ ईएडी बंदच होणार असं जे सतत कानावर येतं, त्यात आज किती तथ्य आहे?

माझी एक मैत्रीण एल-२ वर (कंपनीने इथे बदली केलेल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) आहे. तिच्या आय-९४ वरच्या (देशात प्रवेशाचा आणि मुक्कामाच्या मुदतीचा कागद) एल-२एस या नोंदीवर तिला काम करता येतं, कार्ड लागतच नाही. तिच्यासाठी आनंद आहेच, पण त्या दिवशी तिच्या घरून परत येताना गाडीत रडू आलं.

वाटसरू

मेपर्यंत अजिबात थांबू नका. हे सगळ्यात आधी.

तुमच्या मागच्या वेळी सगळं एकत्र झालं त्यामागे एक कोर्टातली तडजोड होती. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने कबूल केलं होतं की एच-१ बरोबर आलेले आय-५३९ (एच-४ ची मुदतवाढ) आणि आय-७६५ (ईएडी) अर्ज सोबतच तपासले जातील. तिची मुदत दोन वर्षांची होती, १८ जानेवारी २०२५ ला संपली. त्यामुळे आता एच-१ प्रीमियममध्ये १५ कामाच्या दिवसांत झालं तरी तुमचे कागद वेगळ्या ढिगात महिनोन्‌महिने पडू शकतात. आय-७६५ च्या तुमच्या वर्गाला, म्हणजे सी-२६ ला, प्रीमियम नाही.

म्हणून सहा महिन्यांची खिडकी उघडली की पहिल्याच आठवड्यात एच-१, एच-४ आणि ईएडी असे तिन्ही अर्ज एका पाकिटात जाऊ द्या. वकील टाळाटाळ करत असतील तर नवऱ्याला थेट एचआरशी बोलायला सांगा. कागदी अर्जाची फी आय-५३९ ला ४७० आणि आय-७६५ ला ५२० डॉलर. वकिलाने एच-४ चे अर्ज करायला नकार दिला तर ते स्वतःही भरता येतात. आम्ही स्वतःच भरले होते.

सई_न्यूजर्सी

ताई, रजेबद्दल अनुभवावरून सांगते. राजीनामा द्यावा लागत नाही. कार्ड संपलं की काम थांबवावं लागतं, एवढंच. आय-९ फॉर्मची, म्हणजे मालकाकडच्या कामाच्या परवानगीच्या नोंदीची, फेरतपासणी असते, तिथे नवा पुरावा दाखवता आला नाही तर मालक तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही. पण बिनपगारी रजेवर पटावर ठेवायचं की नाही हे त्याच्या हातात असतं. माझ्या मॅनेजरने ठेवलं होतं, अकरा आठवडे. विम्याचं आधी विचारून घ्या, रजेत हप्ता कोण भरणार ते. मुलीचा विमा तुमच्या नोकरीवर असेल तर विशेष करून.

रजेवर असताना "जरा ईमेल बघते", "फोनवर एक शंका सोडवते" असलं काहीही करू नका. पगार घेतला नाही म्हणून ते काम नसतं असं नाही.

आणि आय-५३९ मुदतीत भरलेलं असेल तर निकाल येईपर्यंत इथे राहायला हरकत नसते, फक्त काम करता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सची तारीख मात्र आत्ताच काढून बघा, ती आपल्या मुक्कामाच्या मुदतीशी बांधलेली असते. माझं लायसन्स आणि कार्ड एकाच आठवड्यात संपलं, लेकीला शाळेतून आणायला शेजारणीला विनवावं लागायचं.

दूरदेशी

रजेच्या काळात भारतातल्या एखाद्या लॅबसाठी इथे घरी बसून रिपोर्ट तपासायचं काम घेता येईल की. पगार भारतातल्या खात्यात, रुपयांत. माझ्या ओळखीत दोघी-तिघी असं करतात.

वाटसरू

दूरदेशी, तुम्ही मदतीच्या भावनेने लिहिलंय हे कळतं, पण कृपया हा सल्ला कुणी घेऊ नका. पैसे कुठल्या खात्यात पडतात याला महत्त्व नाही, माणूस कुठे बसून काम करतोय याला आहे. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्यांचा तपशील सहीनिशी द्यावा लागतो. तिथे खोटं लिहायचं की खरं लिहून अडकायचं, अशी वेळ येते. बारा-पंधरा वर्षं रांगेत काढून शेवटच्या पायरीवर हे ओझं कशाला?

दूरदेशी

मान्य. तो भाग मला माहीत नव्हता. त्या दोघींनाही सांगतो.

अबोली

शिक्क्याच्या प्रश्नावर. एरवी हा मार्ग चांगला होता. नवऱ्याचं एच-१ मंजूर झालं की भारतात जायचं, एच-४ चा नवा शिक्का घ्यायचा, परत येताना नव्या तारखेचं आय-९४ मिळतं, मग आय-५३९ ची वाट बघायची गरज उरत नाही, फक्त ईएडीचा अर्ज राहतो. आम्ही २०१९ मध्ये असंच केलं.

आज मी हे करणार नाही. १५ डिसेंबरपासून एच-१ आणि एच-४ च्या अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या वकिलातींनी दिलेल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या. माझी मावसबहीण दोन आठवड्यांसाठी म्हणून ठाण्याला गेली आहे. बीकेसीतल्या वकिलातीची तारीख गेली, नवी पार उन्हाळ्यातली मिळाली. तिचा मुलगा इथे बाबाजवळ आहे, पाच वर्षांचा. शिवाय तुमचं आय-५३९ चालू असताना देशाबाहेर गेलात तर त्या अर्जाला अर्थ राहत नाही आणि त्यावर टेकलेला ईएडीचा अर्जही धोक्यात येतो. खूप निकड असल्याशिवाय तिकीट काढू नका.

अजून एक, याआधी कधी बाहेर जाऊन आला असाल तर तिघांची आय-९४ वेबसाइटवरून उतरवून तारखा स्वतः तपासा. पासपोर्ट आधी संपत असेल तर विमानतळावर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तिथे हमखास चूक राहते.

नदीपल्याड

एच-४ ईएडी बंद होणार का, यावर थोडं. नियम २६ मे २०१५ पासून लागू आहे. तो लागू होण्याआधीच त्याच्याविरुद्ध खटला भरला गेला होता. २०१७ नंतर सरकारनेच नियम मागे घ्यायचा घाट घातला, तो प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळला गेला. खटल्यात २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियमाच्या बाजूने निकाल दिला आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. कोर्टातली टांगती तलवार गेली. सरकारला नियम बदलायचा असेल तर रीतसर प्रक्रिया करावी लागेल, रात्रीत कार्डं रद्द होत नाहीत.

डिसेंबरमध्ये ईएडीची मुदत १८ महिन्यांवर आणल्याची बातमी आली, ती आश्रय मागणारे, ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज केलेले वगैरे वर्गांसाठी आहे. सी-२६ त्यात नाही. तुमचं कार्ड एच-४ च्या तारखेपर्यंतच मिळेल.

आता मुख्य मुद्दा, जो अजून कुणी मांडला नाही. कृष्णाकाठ, तुम्ही विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये आहात. तुमचं स्वतःचं एच-१बी करून घ्या.

विद्यापीठं आणि त्यांच्याशी रीतसर जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं एच-१बी च्या वर्षाच्या ८५,००० च्या कोट्याबाहेर असतात. लॉटरी नाही, तिच्यासाठी मार्चची वाट नाही, वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो आणि त्याला १५ कामाच्या दिवसांचं प्रीमियम आहे. तुमच्या कामाला संबंधित विषयातली पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. एच-४ वर घालवलेली वर्षं एच-१ च्या सहा वर्षांत धरत नाहीत, तुमची सहा कोरी आहेत. नव्या एच-१ अर्जांवरची एक लाख डॉलरची फी ऐकून एचआर घाबरेल. २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलंय की इथेच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही. मात्र अर्ज चालू असताना देश सोडलात तर ही सूट हातची जाईल.

माझ्या बायकोने हेच केलं, ती एका विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ आहे. दीड वर्षापूर्वी माझी नोकरी गेली तेव्हा नवी नोकरी शोधायला मिळणाऱ्या ६० दिवसांचं घड्याळ माझ्यासाठी टिकटिकत होतं, पण घर तिच्या एच-१ वर उभं राहिलं आणि मी तिच्यामुळे एच-४ वर गेलो. दोघांची मुळं वेगळी असली की एक उपटलं तरी झाड पडत नाही.

तोटाही सांगतो. ईएडीवर कुठेही नोकरी बदलता येते, एच-१ वर मालक बदलताना नव्या मालकाला अर्ज करावा लागतो. कोट्याबाहेरच्या एच-१ वरून साध्या खाजगी लॅबमध्ये जायचं तर लॉटरीत उतरावं लागतं. आणि एच-४ ची मुदतवाढ आणि एच-१ हे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू असतील तर जो शेवटी मंजूर होतो तो तुमचं स्टेटस ठरवतो, तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांना दोन्ही गोष्टी माहीत हव्यात.

सई_न्यूजर्सी

नदीपल्याड यांना अनुमोदन. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते अकरा आठवडे वाचले असते. ताई, मॅनेजर स्वतःहून विचारतोय याचा अर्थ त्याला तुम्ही हव्या आहात. रात्रपाळीला अनुभवी माणूस सहज मिळत नाही.

कृष्णाकाठ | १६ जानेवारी २०२६

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण धीर गोळा करत होते.

काल पाळी संपल्यावर मॅनेजरकडे गेले. स्वतःच्या एच-१ बद्दल बोलायला जीभ रेटत नव्हती, उगाच कुणावर भार टाकतोय असं वाटत होतं. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल केली. आज त्यांचं उत्तर आलं. हॉस्पिटल कोट्याबाहेर येतं, आमच्याच लॅबमधल्या आणखी दोघांचं त्यांनी पूर्वी केलंय. मार्चमध्ये अर्ज करता येईल म्हणतात. मी लॅबच्या मागच्या जिन्यात बसून ती ईमेल तीनदा वाचली.

नवऱ्यानेही त्याच्या एचआरला लिहिलं, वकील आता फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिघांचे अर्ज करायला तयार झालेत. दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांबद्दल कळवलंय. आय-९४ पण बघितली. अबोली, तुम्ही म्हणालात तेच निघालं. मुलीचा पासपोर्ट जूनमध्ये संपतोय आणि तिचं आय-९४ त्याच तारखेचं आहे! माझ्या आणि नवऱ्याच्या तारखा बघून मी निश्चिंत होते. तिचा अर्ज आधी जाईल आणि पासपोर्टचाही याच आठवड्यात करतेय.

आता एक शेवटचं. आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पदवीचं नवं मूल्यमापन हवंय. माझं बी.एस्सी. तीन वर्षांचं आणि एम.एस्सी. दोन वर्षांचं, दोन्ही शिवाजी विद्यापीठाचं. एएससीपीच्या वेळचं मूल्यमापन चालणार नाही, नव्याने करायला सांगतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका २०१९ च्या पुरात गेली, आईच्या घरात कपाटापर्यंत पाणी होतं, माझ्याकडे फक्त धूसर झेरॉक्स आहे. दुय्यम प्रत कोल्हापूरहून कुणी अलीकडे काढली आहे का? मी इथून जाऊ शकत नाही, भाऊ सांगलीत आहे.

शिरोळकर

आमच्या घरचंही पुरात असंच गेलं होतं. भावाला आपल्या सहीचं अधिकारपत्र, आपल्या पासपोर्टची प्रत आणि ती धूसर झेरॉक्स देऊन विद्यापीठात परीक्षा विभागात पाठवा. झेरॉक्सवर बैठक क्रमांक आणि वर्ष वाचता येत असेल तर नोंद शोधणं खूप सोपं जातं. कॉलेजातून आधी फोन करून घेतलात तर अजून बरं.

कृष्णाकाठ

बैठक क्रमांकाचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही, बाकी सगळा वाचता येतो. अधिकारपत्र आजच लिहून पाठवते. भाऊ सोमवारी सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला जातोय.