गुरू धुरकट दिसतोय? आधी आरसा थंड होऊ द्या

६ इंची डॉबसोनियनमधून (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) २०० पटीला गुरूचे पट्टे दिसत नाहीत म्हणून लगेच नवी आयपीस (डोळा लावायचं भिंग) घेऊ नका. १२०० मिमी नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १० मिमीची आयपीस १२० पट देते. आपल्याकडच्या बहुतेक रात्रींच्या हवेला तेवढंच झेपतं.

दुर्बीण किमान पाऊण तास आधी बाहेर ठेवा. आरसा गरम असेल तर नळीतली हवा उकळल्यासारखी हलते. गच्चीचा स्लॅबही रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, त्यामुळे मातीचं अंगण केव्हाही बरं. गुरू क्षितिजापासून ३० अंशांच्या वर आल्याशिवाय तर बघूच नका.

तरीही धुरकट? मग आरशांची जुळणी तपासा. ध्रुवतारा बरा, तो दृश्यातून पळत नाही. १५० पटीच्या आसपास तो बरोब्बर मध्यभागी आणा आणि फोकस किंचित बिघडवा. मग ताऱ्याच्या जागी कडी दिसतात, ती समकेंद्री हवीत. एका बाजूला दाटली असतील तर मुख्य आरशामागचा एकच स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यभागी आणा, मग बघा. हे पुन्हा मध्यभागी आणणंच लोक विसरतात आणि तासभर स्क्रू पिळत बसतात. नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या, म्हणजे दुय्यम आरशाच्या मधल्या स्क्रूला मात्र उगाच हात लावू नका.