फोरकास्ट म्हणजे अंदाज, अदमास की पूर्वानुमान?

धोटा:
आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यासाठी पुढच्या सहा महिन्यांच्या मागणीचा तक्ता मराठीत करतोय. मूळ कागदात एस्टिमेट, फोरकास्ट आणि बजेट एकाच ओळीत आहेत. मी लिहिलं: अंदाज, अंदाज, अंदाजपत्रक. मागच्या दिवाळीआधी याच शब्दानं नुकसान झालं. फळ्यावर लिहिलं होतं, 'ऑक्टोबर अंदाज १,२०० डझन', आणि खाली बारीक अक्षरात '९५० ते १,४५०'. जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, १,२०० डझनांची बीमं (ताण्याच्या सुताचे रूळ) भरून घेतली. मागणी आली हजाराच्या आत. त्याचा दोष नाही. मालक 'अंदाजे एवढा माल काढा' म्हणतात तेव्हा तो हुकूमच असतो. हुकूम वाटणार नाही असा शब्द सुचवा.

नैयायिक:
पूर्वानुमान. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत: पूर्ववत्, शेषवत्, सामान्यतोदृष्ट. ढग भरून आलेले पाहून पाऊस येणार म्हणणं, हे पूर्ववत्. इतका नेमका शब्द घरात असताना फारसी अंदाज कशाला? फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश शिवछत्रपतींनी उगाच करवून घेतला नाही.

बार्शीकर:
नैयायिककाका, पूर्वानुमान आमच्या कानावर हिंदी बातम्यांतून आलं. मराठी माणूस हवामानाचा अंदाजच म्हणतो. मान्सूनचा पहिला अंदाज येतो तेव्हा सोबत पाच टक्के कमी-जास्त लिहिलेलं असतं, आणि सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस 'सर्वसाधारण' धरतात. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. पण बातमीत एकच आकडा उरतो. शब्द बदलून हे कसं थांबेल?

पूर्वभाग:
आमच्या घरी तेलुगू. वडील सुताचा हिशेब करताना 'अंचना' म्हणायचे. अंदाज त्यावरूनच आला असणार. कानडीतही 'अंदाजु' आहे.

बार्शीकर:
नाही हो. अंदाज फारसीच, मुळात फेकणं. तीरंदाज, गोलंदाज यांतला 'अंदाज' तोच. नेम धरून टाकायचं, लागेल किंवा चुकेल. मला तर फोरकास्टला याहून चांगला अर्थ दिसत नाही. नैयायिककाका, गोलंदाजही काढायचा का?

नैयायिक:
रुळलेला शब्द काढा असं मी कुठं म्हटलं? नवा घडवताना संस्कृताकडे बघा, एवढंच. दिनांक, महापौर हेही एकेकाळी नवेच होते.

सरासरी:
धोटा, शब्दाआधी तक्ता बघा. मागच्या आकड्यांवरून पुढचे काढायची होल्ट (१९५७) आणि विंटर्स (१९६०) यांची पद्धत आहे, तीत पातळी, कल आणि हंगाम वेगळे काढतात. तुम्ही हंगाम इंग्रजी महिन्यांवर बसवलात का? लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीची खरेदी तीन आठवडे सरकली. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर आकडा चुकणारच. दिवाळीआधी किती आठवडे, असं मोजा. फळ्यावर '९५० ते १,४५०' मोठ्या अक्षरात लिहा, मधला आकडा लिहूच नका. किती काढायचं तो निर्णय वेगळ्या रकान्यात, मालकाच्या सहीनं. त्या रकान्याला 'ठरलेलं उत्पादन' म्हणा.

धोटा:
दिवाळीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. महिनेच धरले होते. आजच बदलतो. पण पहिल्या रकान्यावर काय लिहू? अदमास कसा वाटतो?

पूर्वभाग:
अदमास छान आहे. अदमासानं मीठ घालतात, कुणी त्याला हुकूम समजत नाही.

नैयायिक:
अदमास म्हणजे आत्ता समोर असलेल्याचं माप. पुढं घडणाऱ्याला चालणार नाही.

गड्डा:
सोलापुरात बसून भाकणूक कुणालाच आठवली नाही? सिद्धेश्वराच्या यात्रेत होम झाल्यावर उपाशी वासरापुढे धान्य, गूळ, गाजर, बोरं ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून वर्षाचा पाऊस, भाव सांगतात. माझा आजा ते ऐकूनच किती ज्वारी पेवात ठेवायची ते ठरवायचा.

नैयायिक:
भाकीत, भाकणूक, भाक देणं, करुणा भाकणं, सगळ्यांचं मूळ एकच. बोलणं.

बार्शीकर:
भाक म्हणजे वचन. भाकीत म्हणजे वचन का? तिथं माझं तुमच्याशी जमत नाही.

गड्डा:
आमच्याकडे 'भाकनूक' म्हणतात, न नळाचा. वासरू बुजलं तर काय सांगतात, कुणाला आठवतंय?