मदत हवी आहे : शक्तीवाल्यांची हजेरी आणि आपलं कोल्हापूर

भावांनो एक कथा लिहितोय, त्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात (अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवून पोलिसांत नोंद आणि हजेरी लावणारा कायदा) इंग्रजांनी अचाट ताकदवाल्यांनाही घातलंय. हिरोईन गंगावेशीत म्हशी पिळणारी, रागावली की चरवी कागदासारखी चुरगळते. तिला रोज चौकीत हजेरी. पण अडकलोय इथं की शाहू महाराजांनी संस्थानात हजेरी बंद केली, याच कायद्यात अडकलेल्या फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, मग कोल्हापुरात छळ दाखवायचा कुठल्या तोंडानं? म्हणून म्हटलं, १९४९ ला संस्थान विलीन होतं आणि कथेत १९५२ ला कायदा रद्द होतच नाही, म्हणजे हजेरी परत आली. तालमीत अर्धी पोरं तिच्या बाजूनं, अर्धी म्हणतात नोंद पाहिजेच (हा भाग लई भारी जमलाय). हे पटेल का, की तिला महाराजांच्याच काळात बाहेरून पळून आलेली दाखवू? सांगा की.