अमेरिकन यादवी युद्ध: नेत्यांची आणि सरकारांची मूळ कागदपत्रं वाचायला कुठून सुरुवात करावी?

शाल्मली_व:

नमस्कार मंडळी. अमेरिकन यादवी युद्धाबद्दल (१८६१-१८६५) बरंच वाचत आलेय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्यांना अर्पण केली, ती अमेरिकेतली माणसं नेमकं काय करत होती या कुतूहलातून सुरुवात झाली. पण आजवरचं सगळं वाचन इतरांनी लिहिलेल्या इतिहासाचं. आता मूळ कागद बघायचेत: राष्ट्राध्यक्षांची पत्रं, मंत्र्यांची टिपणं, तारा, राज्यपालांचा पत्रव्यवहार. संघराज्यात राहिलेल्या उत्तरेचे आणि फुटून निघालेल्या दक्षिणेचे, दोन्ही.

घरी बसूनच वाचणार आहे, त्यामुळे जे ऑनलाइन आणि फुकट मिळतं तेच उपयोगाचं. शोधायला गेलं की हजारो पानं अंगावर येतात, आत कुठून शिरायचं ते समजत नाही. आणखी एक, दक्षिणेचं सरकार १८६५ मध्ये संपलंच. मग त्यांचं दप्तर कुणाच्या हाती गेलं? जाणकारांनी सांगावं. काय टाळावं तेही सांगा.

दप्तरी:

शाल्मलीताई, लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लिंकन पेपर्सपासून सुरू करा. वीस हजारांहून अधिक दस्तऐवज स्कॅन होऊन साइटवर आहेत. लिंकनचा मुलगा रॉबर्ट याने ते १९१९ मध्ये लायब्ररीकडे सोपवले, पण आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं कुणालाही दाखवायचे नाहीत या अटीवर. तो १९२६ मध्ये गेला, म्हणून बाड उघडलं ते २६ जुलै १९४७ ला. त्याआधीच्या लिंकन चरित्रकारांपैकी जवळजवळ कुणालाच हे कागद पाहता आले नव्हते. जुनं चरित्र हातात घेताना हे साल ध्यानात असू द्या.

यातली बहुतेक पत्रं लिंकनला आलेली आहेत, त्याने लिहिलेली थोडी. काहींना हे कळल्यावर निराशा वाटते. मला उलट तीच या संग्रहाची श्रीमंती वाटते. सेनापती, नोकरी मागणारे, धर्मोपदेशक, शिक्षा माफ करा म्हणणारे, सगळे एकाच टेबलावर येऊन पडतात आणि त्या माणसावर रोज काय आदळत होतं ते दिसतं.

पहिल्याच बैठकीत दोन कागद जरूर उघडा. एक, जनरल मीडला लिहिलेलं १४ जुलै १८६३ चं पत्र. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही उत्तरेच्या या सेनापतीने दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याला पोटोमॅक नदी ओलांडून निसटू दिलं. लिंकन नाराज आहे हे कळताच मीडने राजीनामा देऊ केला. त्याची समजूत घालायला लिंकन लिहायला बसला, आणि पानागणिक पत्र कडक होत गेलं. ते पाठवलंच नाही. पाकिटावर त्याच्याच अक्षरात शेरा आहे: जनरल मीड यांस, कधी पाठवलं नाही, सही केली नाही.

दुसरा कागद २३ ऑगस्ट १८६४ चा. आपण निवडणूक हरणार अशी लिंकनची जवळपास खात्री झाली होती. तसं झालं तर नवा अध्यक्ष शपथ घेईपर्यंतच्या काळात त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवायचं, असं छोटंसं टिपण त्याने लिहिलं, घडी घातली, आणि मजकूर न दाखवता कागदाच्या पाठीमागे सगळ्या मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. स्कॅनमध्ये दोन्ही बाजू दिसतात. पण नुसता कागद पाहून सह्या कशासाठी हे उलगडत नाही. तो ११ नोव्हेंबरला, निवडणूक जिंकल्यावर, मंत्र्यांपुढे उघडला गेला ही हकिगत त्याचा सचिव जॉन हे याच्या डायरीत आहे. म्हणून एक कागद वाचला की त्याच दिवसाचा दुसऱ्या कुणाचा तरी कागद शोधायचा, ही सवय पहिल्यापासून लावून घ्या.

निमकर_काका:

दप्तरी म्हणतात ते खरं, पण नवख्या माणसाला थेट हस्तलिखितात ढकलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी रॉय बॅसलर यांनी संपादित केलेले लिंकनच्या समग्र लेखनाचे खंड घ्या. १९५३ मध्ये आले, आठ खंड आणि सूची, मिशिगन विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. तारीखवार मांडणी आणि तळटिपा आहेत. कोण कुणाला का लिहितंय हे तिथेच कळतं. पायाखालची जमीन पक्की झाली की मग स्कॅन उघडा.

दप्तरी:

काका, बॅसलर शेजारी हवेतच, वाद नाही. पण त्यात फक्त लिंकनचा आवाज आहे. समोरचा काय म्हणत होता ते तळटिपेतल्या दोन ओळींत उरतं. ताईंना सरकार कसं चालायचं ते पाहायचंय. त्यासाठी आलेली टपाल वाचण्यावाचून इलाज नाही. दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या ठेवाव्यात.

मेणबत्ती:

दक्षिणेच्या दप्तराबद्दल मी सांगते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

२ एप्रिल १८६५, रविवार. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस रिचमंडच्या चर्चमध्ये बसले असताना लीचा निरोप आला की आता राजधानी राखता येणार नाही. त्या रात्री मिळतील तेवढे कागद पेट्यांत भरून आगगाडीने डॅनव्हिलकडे नेले. बाकीचे काही रस्त्यात जाळले, काही शहराला लागलेल्या आगीत गेले. परराष्ट्रमंत्री ज्युडा बेंजामिन यांनी गुप्त कामगिऱ्यांचे कागद निघण्यापूर्वीच नष्ट केले. त्यामुळे दक्षिणेच्या हेरगिरीबद्दल कुणी फार ठामपणे काही सांगितलं, तर कशाच्या आधारावर ते आधी विचारा.

युद्धखात्याचं दप्तर बरंचसं वाचलं. ते शार्लटपर्यंत पोचलं आणि तिथे उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात गेलं. वॉशिंग्टनला त्यासाठी वेगळं कार्यालय उघडून फ्रान्सिस लीबर या कायदेपंडिताला नेमलं. त्या वेळी हेतू इतिहासाचा नव्हता. डेव्हिस आणि त्यांच्या साथीदारांवर खटले भरायला पुरावा हवा होता. कागद कुठल्या क्रमाने लावले गेले, कशाची सूची आधी झाली, यावर त्या हेतूची सावली आहे. आज तो सगळा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप १०९ म्हणून आहे.

परराष्ट्र खात्याचे कागद वेगळ्या वाटेने आले. जॉन पिकेट नावाच्या गृहस्थाकडून अमेरिकन सरकारने ते १८७२ मध्ये चक्क ७५,००० डॉलर मोजून विकत घेतले. हरलेल्या सरकारचं दप्तर जिंकलेल्या सरकारने पैसे देऊन घेतलं! लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ते आजही पिकेट पेपर्स म्हणूनच ओळखले जातात.

घरबसल्या वाचायला मात्र सर्वांत सोयीचे ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’. १८८० ते १९०१ दरम्यान अमेरिकन सरकारने छापलेले १२८ जाडजूड ग्रंथ, हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात संपूर्ण. आकड्याने घाबरू नका, तुम्हाला सगळे नकोत. पहिली मालिका लढायांची, ती सोडा. दुसरी कैद्यांची. तिसरीत उत्तरेच्या सरकारचा कारभार, चौथीत दक्षिणेच्या सरकारचा. चौथ्या मालिकेचे तीनच खंड आहेत. सक्तीची सैन्यभरती, धान्याची जप्ती, डेव्हिस आणि राज्यपालांची भांडणं, सगळं त्यात सापडतं. जॉर्जियाचे जोसेफ ब्राउन आणि नॉर्थ कॅरोलायनाचे झेब्युलन व्हान्स रिचमंडला जी पत्रं लिहीत, ती वाचल्यावर दक्षिण एकदिलाने लढली हा समज टिकत नाही.

शाल्मली_व:

मेणबत्ती, ‘टाळावं’ या भागात हे किती मोलाचं आहे! एक शंका. जिंकलेल्यांनीच छापलेल्या ग्रंथांवर दक्षिणेपुरता कितपत भरवसा ठेवावा?

मेणबत्ती:

रास्त शंका. दोन गोष्टी जमेच्या आहेत. दक्षिणेचे कागद मिळवायला १८७८ मध्ये मार्कस राइट या दक्षिणेच्याच माजी जनरलची नेमणूक झाली, त्यामुळे अनेक कुटुंबांनी घरातली बाडं विश्वासाने दिली. दुसरी, युद्धकाळात लिहिलेलेच कागद घ्यायचे, नंतरच्या आठवणी आणि खुलासे नाहीत, असा नियम होता. तरी सेनापतीचा अहवाल हा शेवटी वरिष्ठांना दिलेला अहवाल. स्वतःला सांभाळूनच तो लिहिलेला असतो, कुठल्याही बाजूचा असो.

डेव्हिस यांच्यासाठी: राइस विद्यापीठातून संपादित झालेले १४ खंड (१९७१-२०१५) उत्तम आहेत, पण सगळे फुकट नाहीत. डनबार रोलँड यांचे १९२३ चे दहा खंड जुने असले तरी हक्कमुक्त आहेत, त्यावर काम भागेल.

ओवी_के:

डायऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांची डायरी मंत्रिमंडळाच्या आतली हवा समजून घ्यायला अप्रतिम. पण १९११ ची छापील आवृत्ती जपून वापरा. वेल्स यांनी नंतरच्या वर्षांत आपल्याच नोंदींत दुरुस्त्या केल्या होत्या आणि त्या आवृत्तीत मूळ कोणतं, मागाहूनचं कोणतं हे वेगळं दाखवलेलं नाही. १९६० च्या आवृत्तीत दाखवलंय. दक्षिणेकडच्या मेरी चेस्नट यांच्या डायरीचंही असंच. तिचा गाजलेला मजकूर बराचसा १८८० च्या दशकात त्यांनी पुन्हा लिहिलेला आहे. वाचा जरूर, पण ‘त्या दिवशी असं वाटलं’ म्हणून उद्धृत करू नका.

सय:

मी थोडं वेगळं सुचवते. नेत्यांचे कागद वाचायचे तर नेत्यांना पत्रं लिहिणाऱ्या सामान्य माणसांपासून वाचा. मेरीलँड विद्यापीठात १९७६ पासून फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी प्रोजेक्ट चालू आहे. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या लाखो कागदांतून गुलामीतून सुटलेल्या आणि सुटू पाहणाऱ्या माणसांचे कागद त्यांनी वेचून काढले, आणि त्यातले निवडक साइटवर मूळ शुद्धलेखनासह दिलेत.

त्यातलं ॲनी डेव्हिस यांचं पत्र बघा. बेलएअर, मेरीलँड, २५ ऑगस्ट १८६४. राष्ट्राध्यक्षांना थेट लिहिलंय, काही ओळींचं: मला मुक्त व्हायचंय, पूर्व किनाऱ्यावरच्या माझ्या माणसांना भेटायचंय, मालकीण जाऊ देत नाही, आम्ही मुक्त आहोत की नाही ते कृपया कळवा. हे वाचून मी कितीतरी वेळ पुढे सरकू शकले नाही. १ जानेवारी १८६३ ची लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा फक्त बंड केलेल्या प्रदेशांना लागू होती. मेरीलँड संघराज्यात राहिलेलं, म्हणून तिथे ती लागूच नव्हती. ॲनी मुक्त झाल्या त्या राज्याची नवी घटना १ नोव्हेंबर १८६४ ला अमलात आली तेव्हा. दप्तरींनी सांगितलेलं ते घडी घातलेलं टिपण ॲनींच्या पत्राच्या फक्त दोन दिवस आधीचं आहे, हे आत्ता लक्षात आलं.

आणि हे पत्र लिंकनच्या बाडात नाही. ते युद्धखात्यात कृष्णवर्णीय पलटणींचा कारभार पाहणाऱ्या विभागाकडे गेलं आणि तिथल्या फायलीत राहिलं. सरकारी कागद ज्याला लिहिला त्याच्याकडे सापडेलच असं नाही.

राज्यपालांसाठी केंटकीचं सिव्हिल वॉर गव्हर्नर्स हे संकेतस्थळ पाहा. केंटकीत एकाच वेळी दोन सरकारं होती, एक संघराज्याशी निष्ठावान आणि एक दक्षिणेला जोडलेलं. दोघांचाही पत्रव्यवहार तिथे आहे.

खडूफळा:

तारांमध्ये रस असेल तर हंटिंग्टन लायब्ररीतला थॉमस एकर्ट संग्रह. उत्तरेच्या लष्करी तारखात्याच्या नोंदवह्या, सुमारे १६,००० तारा. त्या नष्ट झाल्या असंच मानलं जात होतं, लायब्ररीला त्या २०१२ मध्ये मिळाल्या. बऱ्याच तारा सांकेतिक भाषेत आहेत, स्वयंसेवकांनी त्या उतरवून काढल्या.

शाल्मली_व:

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा साठवून ठेवलाय. आता पुढचा प्रश्न. एवढ्यातून पहिला विषय कोणता घेऊ? आणि त्या काळचं वळणदार अक्षर वाचायला काही युक्ती आहे का?

निमकर_काका:

विषय मी देतो: १८६२ चा उन्हाळा. २२ जुलैला लिंकनने मुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्र्यांपुढे वाचला. दोन पानं, त्याच्याच हातची, लिंकन पेपर्समध्ये आहेत. परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांचा सल्ला पडला की आधी रणांगणावर यश मिळू दे. बरोबर महिन्याने, २२ ऑगस्टला, त्याने संपादक होरेस ग्रीली यांना जाहीर पत्र लिहिलं: माझं पहिलं उद्दिष्ट संघराज्य वाचवणं आहे, गुलामगिरी वाचवणं किंवा मोडणं नाही. मसुदा तेव्हा तयार होता! नुसतं पत्र वाचणारा माणूस लिंकनबद्दल एक मत बनवतो, दोन्ही वाचणारा दुसरं. मग उत्तरेला ते यश देणारी १७ सप्टेंबरची अँटिटमची लढाई आणि २२ सप्टेंबरची प्राथमिक घोषणा. सोबत अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या डायरीतल्या २२ जुलै आणि २२ सप्टेंबरच्या नोंदी लावा. पाच-सहाच कागद आहेत, पण सरकार निर्णयापर्यंत कसं येतं ते डोळ्यांसमोर घडतं.

दप्तरी:

काकांना पूर्ण अनुमोदन. अक्षराबद्दल: लिंकनचं अक्षर सुवाच्य आहे, त्यानेच डोळा तयार करा. लिंकन पेपर्समधला बराच मजकूर आधी नॉक्स कॉलेजच्या अभ्यासकांनी आणि नंतर स्वयंसेवकांनी टाइप केलाय, तो शेजारी ठेवून ओळ ओळ जुळवत जा. अडलात तर आधी पत्राची पाठ बघा. तेव्हाचे कारकून पत्राची उभी घडी घालून बाहेरच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि एका ओळीत विषय लिहीत. आतला अर्धा मजकूर त्यावरूनच लागतो. आणि प्रत्येक कागदाची तारीख, संग्रहाचं नाव, पान क्रमांक लगेच वहीत उतरवा. त्या साइट्सवर शोधून सापडलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधत बसणं फार जिकिरीचं असतं.

२२ जुलैचा मसुदा वाचून झाला की इथेच लिहा. चेस यांची त्या दिवसाची नोंद मी तोवर काढून ठेवतो.