‘क्लस्टर’ म्हणजे गुच्छ की पुंज? आणि हाडं झिजतात की विरतात?

दादरहून:
येत्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मला वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय मीच सुचवला: सोन्याचे नॅनोक्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचे अतिसूक्ष्म समूह, वापरून हाडांची हानी थांबवण्याचे प्रयोग. टिपण मराठीत लिहायला बसले आणि दोन शब्दांवर अडले.

पहिला शब्द ‘बोन लॉस’. पुस्तकी मराठीत त्याचा चटकन ‘अस्थिक्षय’ होतो. पण क्षय म्हटलं की आमच्या पिढीला शिवडीचं रुग्णालय आठवतं. हाडांचा क्षय म्हणजे हाडांचा टीबी, तो जंतूंमुळे होतो, हा आजार वेगळा. ‘झीज’ सगळ्यांना कळते, पण चुकीची कळते. झीज घासून होते: सहाणेवरचं चंदन, चपलेची टाच, गुडघ्यातली कूर्चा. हाडाचं तसं नाही. शरीरात जुनं हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आणि नवं हाड रचणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी आयुष्यभर कामाला असतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, विरघळवणाऱ्यांचा जोर वाढतो आणि रचणाऱ्यांना तेवढी भरपाई जमत नाही. माझ्या आईला ‘हाडांची झीज आहे’ असं कळलं तेव्हा तिने चालणंच सोडलं. वापरलं नाही तर झिजणार नाही, असा तिचा सरळ हिशेब. बसून राहिल्याने हाडं आणखी कमजोर होतात, हे तिला त्या शब्दातून कळणार कसं? म्हणून शब्द नीट हवा आहे.

दुसरा शब्द ‘नॅनोक्लस्टर’. सुवर्णपुंज म्हणू का?

गिरगावातून:
ताई, माझी आजी म्हणायची, ‘लुगडं विरलं’. विरलेलं कापड फाटलेलं नसतं, घडी करून ठेवलं तर धडही दिसतं. उजेडात धरलं की आरपार दिसतं, आणि जरा ताण आला की टरकतं. मनगट, खुबा, मणका असेच जातात ना? ‘हाडं विरली आहेत’ म्हणून बघा. सभेतल्या बायकांना दुसरं काही समजावावं लागणार नाही.

पार्ल्याहून:
हाडं अशी विरण्याच्या आजाराला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसला, ‘अस्थिसुषिरता’ हा शब्द आहे. सुषिर म्हणजे आत पोकळी असलेलं. बासरीला सुषिर वाद्य म्हणतात ते यामुळेच. शब्द अचूक आहे, लेखात मी तोच वापरेन. बोलताना मात्र ‘विरणं’ मलाही जास्त आवडलं.

मुलुंडहून:
मी भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून ‘पुंज’बद्दल आग्रहाने सांगतो: नको. मराठीत ‘पुंज’ क्वांटमसाठी रुळला आहे, पुंजयामिकी, पुंजवाद वगैरे. त्यात हे क्लस्टर इतके लहान, २ नॅनोमीटरच्याही आतले, की त्यांचे गुणधर्म खरोखरच पुंजयामिकीने ठरतात. त्याहून मोठ्या सुवर्णकणांचं द्रावण लालसर दिसतं. क्लस्टरचं तसं दिसत नाही, ते प्रकाश शोषून स्वतः चमकतात. म्हणजे एकाच वाक्यात पुंज दोन अर्थांनी येणार आणि वाचक हरवणार.

शिवाय पुंज म्हणजे रास. तेजाचा पुंज कोणी मोजत नाही. इथे मोजणी हाच मुद्दा आहे. एका प्रसिद्ध क्लस्टरमध्ये सोन्याचे नेमके २५ अणू असतात आणि भोवती गंधक असलेले १८ रेणू त्यांना धरून ठेवतात. मोजता येतं आणि बांधलेलंही आहे, तो गुच्छ. ‘नॅनो’ला ‘अब्जांश’ आहेच. तेव्हा मोठ्यांना ‘अब्जांश सुवर्णकण’ आणि यांना ‘अब्जांश सुवर्णगुच्छ’.

काळबादेवीहून:
आमचं घर सोनारकामाचं. गुच्छ ऐकून मला ठुशी आठवली, एकमेकांना खेटून बसलेले मणी. आमच्याकडे ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे गुंज हा तोळ्याचा ९६वा भाग. मुलीने हिशेब करून सांगितलं, त्या एका गुंजेत सोन्याचे अणू सुमारे ३७ वर १९ शून्यं इतके! आणि इथे २५ अणूंना नाव शोधतोय आपण. फार छान वाटलं वाचून.

ताई, एक मात्र सभेत आधीच सांगा, हे सुवर्णभस्म नव्हे. सोनं आणि औषध म्हटलं की लोक थेट दुकान गाठतात.

दादरहून:
दादा, हे पहिल्याच वाक्यात सांगते. सर, गुच्छ पक्का. टिपण आता असं झालं आहे:

‘वय वाढतं तशी हाडं आतून विरतात. हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरायचं आणि रचणाऱ्या पेशींना बळ द्यायचं, हे अब्जांश सुवर्णगुच्छांनी साधेल का, याचे प्रयोग प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर चालू आहेत. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. चालणं तर मुळीच बंद करू नका.’

आता शेवटची अडचण. सोन्याला धरून ठेवणाऱ्या त्या रेणूंच्या थराला ‘कोंदण’ म्हणू का? शब्द फार गोड आहे.

काळबादेवीहून:
नको ताई. कोंदण सोन्याचं असतं आणि आत खडा बसतो. इथे सोनंच आत आहे. मुलामाही नको, तो तर वरून सोन्याचा. सरळ ‘आवरण’ लिहा.